परांची वही : ठाण्यातल्या गोड्या पाण्याच्या माशांच्या प्रकल्प नोंदी

७ जून

समुद्रातली मासेमारी १ जूनला बंद झाली, आता ३१ जुलैपर्यंत बाजारात बोंबील-बांगडा कमीच दिसणार. मासळीवाल्या मावशींच्या पाटीवर रोहू, कटला, चिलापी आले आहेत. टीवायच्या (पदवीच्या तिसऱ्या वर्षाच्या) प्रकल्पासाठी हेच दोन महिने धरायचे असं मी आणि माझ्या जोडीदार मैत्रिणीने ठरवलं. ती कळव्याची, मी चरईतली.

सरांनी दिलेला विषय: ठाणे परिसरात मिळणाऱ्या गोड्या पाण्यातल्या माशांची पर आणि खवले पाहून ओळख. शेवटी एका पानाचा मराठी तक्ता करायचा. तो हातात धरून बाजारात किंवा तलावाकाठी उभं राहिलेल्या कोणालाही मासा ओळखता आला पाहिजे.

पहिलाच नियम वहीच्या आतल्या पानावर मोठ्या अक्षरांत लिहिला: रंग टिपायचा, पण रंगावरून नाव ठरवायचं नाही. बर्फात दोन दिवस राहिलेला मासा पांढुरका पडतो, गढूळ तळ्यातला फिका असतो, विणीच्या दिवसांतला नर भलताच गडद होतो. पराचे काटे मात्र बर्फात घातले तरी तेवढेच राहतात.

सामान: एनामलचा ट्रे, थर्माकोलचा तुकडा, डोक्याच्या टाचण्या, चिमटा, दहापट भिंग, मोजपट्टी, प्रयोगशाळेतला जुना व्हर्निअर, पातळ टूथपिक. टूथपिक सगळ्यात उपयोगी पडेल असं सर म्हणाले.

९ जून

आज फक्त शब्द ठरवले. पुस्तकात पृष्ठपक्ष, गुदपक्ष, अंसपक्ष, श्रोणिपक्ष असे शब्द आहेत. तक्त्यासाठी आम्ही घेतले ते असे: पाठीचा पर, शेपटीचा पर, छातीचे दोन पर (कल्ल्यांच्या मागचे), पोटाचे दोन पर, आणि गुदद्वारामागचा एकच पर, त्याला गुदपर. काही माशांना पाठीच्या परामागे एक मऊ, मांसल, बिनकाड्यांचा छोटा पर असतो, त्याला मेदपर.

पराच्या आत दोन तऱ्हेच्या गोष्टी असतात. एक काटा: अखंड, टणक, टोकाला टोचणारा. दुसरी मऊ काडी: भिंगातून पाहिली तर बारीक बारीक पेरांची, आणि बहुधा टोकाकडे फाटे फुटलेली. शास्त्रात काट्यांचा आकडा रोमन आणि काड्यांचा साधा लिहितात. आम्ही ‘का’ आणि ‘म’ लिहिणार. म्हणजे ‘पाठ: का १६, म ११’ असं.

सरांनी दोन सूचना दिल्या. पराच्या शेवटी दोन काड्या एकाच बुडातून निघालेल्या दिसल्या तर ती एकच धरायची. आणि मोजणी नेहमी माशाच्या डाव्या बाजूवर करायची, म्हणजे जगभरच्या नोंदींशी आपली नोंद ताडून पाहता येते.

११ जून

बाजार, सकाळी सात. रोहू, कटला, मृगळ प्रत्येकी एक. तिन्ही आंध्रातून बर्फात आलेले. मावशींनी विचारलं, साफ करून देऊ का? नको म्हटल्यावर त्यांनी आमच्याकडे काळजीने पाहिलं. आईने घरी काय बनवायचं ठरवलंय असं त्यांनी विचारलं, तेव्हा खरं काय ते सांगितलं. “अगो, खवले मोजून काय मासा गोड लागतो?” असं म्हणाल्या, पण बाजूला स्टूल दिलं आणि पाटीच्या कडेला ट्रे ठेवायला जागाही करून दिली.

पार्श्वरेखा म्हणजे कल्ल्यापासून शेपटीपर्यंत अंगावर दिसणारी ठिपक्यांची रेघ. त्या रेघेवरच्या प्रत्येक खवल्याला बारीक भोक असतं, आत पाण्याची हालचाल ओळखणारी नलिका असते. त्या भोकांचे खवले मोजायचे. रोहूचे मी मोजले ४६. मैत्रिणीने मोजले ४२. पुन्हा मोजले, पुन्हा तेच. चूक माझी होती: शेपटीचा पर जिथून सुरू होतो, तिथे मासा वाकवला की एक घडी पडते. मोजणी त्या घडीशी थांबवायची. मी शेपटीवर चढलेले चार खवलेही धरले होते. पुढे सगळीकडे आधी घडीवर टाचणी, मग मोजणी.

रोहू: पार्श्वरेखा ४२. पाठीच्या परात ३ साध्या काड्या, १३ फाट्यांच्या.
कटला: पार्श्वरेखा ४२. पाठीला ३ साध्या, १५ फाट्यांच्या.
मृगळ: पार्श्वरेखा ४३. पाठीला ३ साध्या, १३ फाट्यांच्या.

हा आकडा पाहून थोडी निराशा झाली. पार्श्वरेखेवरून तिघांत फरकच नाही. तिन्ही ४० ते ४५च्या आसपास. पाठीच्या परात कटल्याच्या काड्या एक-दोन जास्त भरतात, म्हणून तो तेवढा बाजूला निघतो. रोहू आणि मृगळ मात्र परांवरून आणि खवल्यांवरून वेगळे करता येत नाहीत, त्यासाठी तोंडच पाहावं लागतं. रोहूचे ओठ जाड आणि कडेने झालरीसारखे कातरलेले. मृगळाचा खालचा ओठ जवळजवळ दिसतच नाही, मुस्कट बोथट. कटल्याचं तोंड वर वळलेलं, डोकं शरीराच्या मानाने मोठं, मिशा नाहीत.

तक्त्यात हे लपवायचं नाही. पर आणि खवले तिघांच्या घरापर्यंत नेतात, पुढचं दार तोंडाचं.

१८ जून

रात्रभर मुरबाडकडे मामाच्या गावी. वलगण! म्हणजे पावसाच्या पाण्यातून माशांचं वर चढणं.

दोन दिवस जोराचा पाऊस लागला आणि मामाचा फोन आला, “मासे चढायला लागलेत, येतेस तर आजच ये.” कल्याणहून एसटीने गेलो. अंधार पडल्यावर मामा, मामी आणि गावातली पाच-सहा माणसं बॅटऱ्या घेऊन ओढ्यावर. ओढ्याचं पाणी बांध ओलांडून शेतात शिरलेलं आणि त्या घोटाभर पाण्यातून मासे वर जात होते, पाठ उघडी पडली तरी थांबत नव्हते. नदीतून ओढ्यात, ओढ्यातून शेतात, उथळ पाण्यात अंडी घालायला. हे मी लहानपणी ऐकलं होतं, पाहिलं पहिल्यांदा. पाण्यात बॅटरी धरली की चंदेरी अंगांची एक ओळ दिसायची आणि मग पुन्हा काळोख.

आमचं काम: हात आधी ओले करायचे (कोरड्या हाताने अंगावरचा चिकट थर निघतो आणि माशाला बुरशी लागते), मासा ओल्या ट्रेमध्ये, डाव्या बाजूचा फोटो, पर पसरून दुसरा फोटो, मोजणी, आणि परत पाण्यात. मोजलेले सगळे सोडले. मामाच्या शेजाऱ्यांना ते फारसं पटलं नाही. पोटात अंडी घेऊन चाललेली मासळी भरभरून टोपल्यांत जाताना पाहून मला मात्र राहवेना, मी मामाशी बोलले. मामा म्हणाला, पूर्वीही धरायचे, पण तेव्हा ओढ्याला बंधारे नव्हते आणि वर जायच्या वाटा पुष्कळ होत्या. आता एकच वाट उरली, त्यामुळे सगळे तिथेच सापडतात. मामीने त्या रात्री आमच्या घरच्या टोपलीतल्या अंड्यांनी फुगलेल्या माद्या वेचून बांधाच्या वर सोडल्या. मी सांगितलं नव्हतं.

शिंगटी: सहा नग. अंगावर खवले अजिबात नाहीत, म्हणजे इथे परांवरच सगळी भिस्त. पाठीला का १, म ७; मागे लांबलचक मेदपर; मिशा चार जोड्या. छातीच्या पराचा काटा आतल्या बाजूने करवतीसारखा. हा काटा उभा राहिला की बुडाशी अडकतो, नुसता दाबला तर बसत नाही. मला ते माहीत नव्हतं, अंगठ्यात शिरला. मामीने लगेच सोसवेल इतक्या गरम पाण्यात हात बुडवून ठेवायला लावला. अर्ध्या तासात ठणका बराच कमी झाला. मग मामाने काटा बुडाशी किंचित फिरवून मिटवून दाखवला.

शिंगी: दोन. हिलाही खवले नाहीत, मिशा चार जोड्या, नवखा माणूस मांगूर म्हणून मोकळा होईल. पाठीचा पर पाहायचा. शिंगीचा अगदी तोकडा, सहा-सात काड्यांचा. मांगुराचा पाठीचा पर डोक्यामागून सुरू होतो तो थेट शेपटीच्या बुडापर्यंत, साठाहून जास्त काड्या. एका नजरेत फरक. दोघींनाही मेदपर नाही, म्हणून शिंगटीशी गल्लत व्हायचं कारण नाही. शिंगीच्या छातीच्या काट्यात विष असतं, तिला मी हात लावला नाही, मामानेच धरली.

डोक: तीन. हा मरळीच्या घराण्यातला, पण छोटा. डोक्यावर सापासारखे मोठे खवले. पाठीचा आणि गुदपर दोन्ही लांब, आणि एकाही परात काटा नाही. शेपटीच्या आणि पाठीच्या पराला नारिंगी किनार. पार्श्वरेखा ४२, ४३, ४३. मोठ्या पट्टेरी मरळीत हीच मोजणी पन्नाशीच्या पुढे जाते, तेव्हा लहान मरळ आणि डोक यांत संशय आला तर खवले मोजावेत.

वाम: एक. पाठीवर आधी सुटे सुटे काटे, एकेक वेगळा, मध्ये पडदा नाही. ३६ भरले. त्यानंतर मऊ पर. हिची ओळख अंधारात बोट फिरवूनही पटेल.

पहाटे तीनला वही भिजली. पेन्सिलने लिहिलं होतं म्हणून वाचता येतंय.

२४ जून

सायप्रिनस आणि सिल्व्हर कार्प, दोन्ही बाजारातून.

सायप्रिनसला पाठीचा पर लांब, सुरुवातीला एक जाड काटा आणि त्या काट्याच्या मागच्या कडेला करवतीचे दाते. मिशांच्या दोन जोड्या. पार्श्वरेखा ३७.

सिल्व्हर कार्पला खवले इतके बारीक की साध्या डोळ्यांना अंग गुळगुळीत वाटतं. पहिल्यांदा साठच्या आसपास मोजणी चुकली, दुसऱ्यांदा ऐंशीला. तिसऱ्यांदा दर दहाव्या खवल्यावर टाचणी लावली. ११४. टाचण्यांची रांग लागलेला तो मासा पाहून मैत्रिणीची धाकटी बहीण रडायला लागली, तिला समजावलं की तो मेलेलाच आहे. पोटाखाली गळ्यापासून गुदद्वारापर्यंत होडीच्या तळासारखी धार आहे. बिगहेड कार्पमध्ये ही धार पोटाच्या परांपासून मागेच असते, गळ्यापर्यंत येत नाही. तक्त्यात दोघांची चित्रं शेजारी शेजारी घ्यायची.

२९ जून

उपवन तलाव. संध्याकाळी पाऊस उघडला होता. गळ टाकून बसलेल्या एका काकांनी धरलेली चिलापी पाहू दिली. आधी त्यांनी तिचं तोंड उघडून दाखवलं: आत पिवळसर अंडी, दाण्यांसारखी. मादी अंडी तोंडात धरून उबवते आणि तेवढे दिवस जवळजवळ उपाशी राहते. काकांनी ती लगेच सोडली. “हिला मी कधीच नेत नाही,” म्हणाले. दुसरी, नर, आम्ही मोजली.

पाठ: का १६, म ११. गुदपर: का ३, म १०. पार्श्वरेखा दोन तुकड्यांत. वरचा तुकडा कल्ल्यापासून निघून पाठीच्या पराच्या शेवटाखाली संपतो, २० खवले. मग रेघ तुटते आणि दोन-तीन ओळी खाली पुन्हा सुरू होऊन शेपटीपर्यंत जाते, १२ खवले. तुटलेली रेघ दिसली की रोहू-कटल्याचं घराणं बाद.

ही मूळची आपली नाही. आफ्रिकेच्या आग्नेय भागातल्या नद्यांतली, भारतात १९५२ साली आणली. आता ठाण्यातल्या कोणत्याही तळ्यावर गळ टाकणाऱ्याला विचारा, पहिलं नाव हिचंच येतं. बाजारात तिचं भावंड, नाइल चिलापीही येते. तिच्या शेपटीच्या परावर उभे पट्टे असतात. हा रंगाचा भाग आहे, पण पट्टे बर्फातही टिकलेले दिसले, म्हणून तक्त्यात ‘आधाराला’ म्हणून घेतले, निर्णयाला नाही.

५ जुलै

मावशींनी निरोप पाठवला: काळुंदर आणि जिताडा आलेत, बघायचे तर या. खाडीच्या तोंडचे, खाऱ्या-गोड्या दोन्ही पाण्यांत राहणारे मासे, तरी घेतले, कारण लोक चिलापीला काळुंदर समजतात आणि काळुंदराचा भाव देतात.

दोघी शेजारी ठेवल्या तर अंगाची ठेवण सारखी, काळपटपणा सारखा. उलट्या करून गुदपर पाहिला. चिलापीला ३ काटे. काळुंदराला १२. टूथपिकने एकेक काटा सोडवत मोजले, दोनदा. एवढा ठळक फरक पोटाखाली दडलेला असतो आणि आपण वरून रंग बघत बसतो! मावशी म्हणाल्या, “आम्ही हाताला लागल्यावर ओळखतो. काळुंदर धरायला गेलं की खालून टोचतं.” त्यांची ही ओळ तक्त्यात जशीच्या तशी घेणार.

जिताड्यापाशी खवल्यांचा धडा पक्का झाला. रोहूचा खवला भिंगाखाली: मागची कड गुळगुळीत, गोल. जिताड्याचा खवला: मागच्या कडेला बारीक दात्यांची रांग, कंगव्यासारखी. पुस्तकात पहिल्याला चक्राभ आणि दुसऱ्याला कंकताभ म्हणतात. आम्ही गुळगुळीत आणि दातेरी लिहिणार. भिंग नसेल तर बोट शेपटीकडून डोक्याकडे फिरवायचं, दातेरी खवले खरखरतात. काटेरी पर असलेल्या सगळ्यांचे खवले दातेरी, असा सोपा नियम मी करून टाकला होता. चिलापीने तो मोडला: परात सोळा काटे आणि खवले गुळगुळीत. नियम खोडला.

जिताड्याची पार्श्वरेखा घडीशी थांबत नाही, शेपटीच्या परावरही चालू राहते. मोजणी आपण घडीशीच थांबवायची, पण रेघ पुढे जाते हीच त्याची खूण.

९ जुलै

आज मासा नाही, ग्रंथालय.

शिंगटीचं शास्त्रीय नाव शोधत होते. मिस्टस सीन्गटी. मी दोनदा वाचलं. सीन्गटी म्हणजे आपली शिंगटीच की! विल्यम हेन्री सायक्स हा कंपनीच्या मुंबई फौजेतला अधिकारी, १८२४ साली मुंबई सरकारने त्याला दख्खनची सांख्यिकी माहिती गोळा करायला नेमलं. त्याने भीमेच्या आणि मुळा-मुठेच्या काठी मासे गोळा केले आणि १८३९मध्ये त्यांची वर्णनं छापली. नावं देताना लॅटिन फार शोधत बसला नाही, मासे धरणाऱ्यांना विचारलं आणि ऐकू आलं तसं लिहिलं. खुद्री, कोळस, शिंगटी, शिंगाळा. ती रोमन अक्षरांत गेली आणि आज जगातल्या कुठल्याही संग्रहालयात बाटलीवरच्या चिठ्ठीला तेच नाव. आपल्याकडच्या महासीराचं नाव टॉर खुद्री आहे ते असं.

रोहू, कटला, मृगळ यांचीही तीच कथा, फक्त ती बंगालची: फ्रान्सिस हॅमिल्टनने १८२२मध्ये गंगेच्या खोऱ्यातल्या माशांची वर्णनं छापली, त्यात रोहिता, कतला, मृगला ही नावं तिथल्या बोलीतून उचलली.

आणि एक सापडलं, ते मैत्रिणीला फोन करून वाचून दाखवलं. कृष्णेच्या खोऱ्यात एक छोटा मासा आहे, त्याचं शास्त्रीय नाव खवलचोर. १९५२ साली कुळकर्णी यांनी दिलेलं. तो दुसऱ्या माशांच्या अंगावरचे खवले उपटून खातो. आपल्या उल्हासच्या खोऱ्यातला नाही, म्हणून तक्त्यात जागा नाही. पण तक्त्याच्या मागच्या पानावर मी त्याला जागा देणार आहे.

मामाच्या गावी ज्याला शिंगटी म्हणतात, त्यालाच घाटापलीकडे पावणेदोनशेहून जास्त वर्षांपूर्वीही शिंगटी म्हणत होते. तक्त्यात इंग्रजी नाव पहिलं आणि मराठी कंसात, असं आधी ठरलं होतं. बदललं. मराठी नाव मोठ्या अक्षरात, त्याखाली शास्त्रीय नाव. सरांना पटलं.

महासीर हातात आलेला नाही, पण नोंद हवी: एवढा मोठा वाढणारा मासा, पार्श्वरेखेवर खवले २५ ते २७. तळहाताएवढा खवला म्हणतात तो यामुळे. आणि सिल्व्हर कार्पला ११४. ही दोन टोकं शेजारी छापली की ‘खवले मोजा’ म्हणजे काय ते कोणालाही कळेल.

१४ जुलै

तलावाकाठी कोणीतरी धरून फेकून दिलेला सकर. काळा, चट्टेपट्टे असलेला, तोंड पोटाच्या बाजूला आणि चोखणारं. मत्स्यालयाची काच साफ करतो म्हणून दुकानातून आणतात, फूटभर वाढला की टाकीत मावत नाही आणि मग लोक तळ्यात सोडून देतात. त्यांना वाटतं आपण त्याला जीवदान दिलं.

अंगावर खवले नाहीत, हाडाच्या चकत्या आहेत, कौलांसारख्या रांगेत. पाठीचा पर शिडाएवढा: का १, म १२. दहाच्या वर काड्या असलेला सकर म्हणजे टेरिगोप्लिक्थिस, सात काड्या असता तर हायपोस्टोमस. मोजायला अर्धा मिनिट पुरतं. तक्त्यात याच्यापुढे लाल अक्षरांत ‘तळ्यात सोडू नका’ असं लिहायचं आहे. ओळखीच्या तक्त्यात सूचना नको असं मैत्रिणीचं मत. मी अडून बसले, राहिलं.

२४ जुलै

आषाढ अमावास्या. बाजारात पाय ठेवायला जागा नाही. मावशींनी दुपारी बारापर्यंत पाठ टेकली नसेल. आम्ही मध्ये न पडता नुसत्या बघत उभ्या राहिलो.

एक पाहिलं ते लिहून ठेवते. ढिगातून मासा काढताना मावशी वर बघत नाहीत, गिऱ्हाइकाशी बोलत असतात. अंगठा पाठीच्या परावरून पुढून मागे जातो आणि मासा कुठल्या पाटीत टाकायचा ते ठरतं. सायप्रिनसच्या करवतीपाशी अंगठा जरा वर उचलतात. आम्ही जूनभर टूथपिकने जे केलं ते त्या अंगठ्याने करतात.

२७ जुलै

श्रावण लागला. आईने सांगितलं, महिनाभर फ्रिजमध्ये मासा ठेवायचा नाही. बरोबर आहे तिचं, देवाचं त्याच फ्रिजमध्ये असतं. ट्रे, चिमटा सगळं धुऊन कॉलेजात नेलं. आता खवल्यांच्या काचपट्ट्या.

कृती: पाठीच्या पराखालून, पार्श्वरेखेच्या वरून चार-पाच खवले घ्यायचे. कोमट पाण्यात घालून बोटांत चोळायचे, चिकट थर निघतो. ओले असतानाच दोन काचपट्ट्यांमध्ये दाबायचे, नाहीतर वाळून वळतात. कडेला चिकटपट्टी, त्यावर माशाचं नाव, तारीख, शरीराचा कुठला भाग.

सूक्ष्मदर्शकाखाली रोहूचा खवला म्हणजे झाडाच्या खोडाचा काप. मध्यापासून बाहेर कड्याच कड्या. मासा भराभर वाढला तिथे कड्या विरळ, अन्नाची टंचाई आली किंवा वीण झाली तिथे दाट. पाच खवल्यांपैकी एक मात्र वेगळा होता: मधला भाग कोरा, धूसर, कड्या बऱ्याच बाहेरून सुरू झालेल्या. मला वाटलं पट्टी खराब झाली. सरांनी पाहून सांगितलं, हा नंतर उगवलेला खवला. आधीचा कधीतरी जाळ्याला घासून, कोणाच्या दातात सापडून निघून गेला. माशाने घाईने त्या जागी नवा भरला, तेवढ्या भागावर कड्या उमटल्या नाहीत. वय काढायला असा खवला चालत नाही. मी तो टाकला नाही, वेगळ्या पाकिटात ठेवला. या माशावर काहीतरी गुदरलं होतं आणि तो त्यातून वाचला होता, एवढं त्यावर लिहिलेलं आहे.

३ ऑगस्ट

मावशींची परीक्षा, त्यांच्याच संमतीने. श्रावणामुळे बाजार थंड. बंदी उठून दोन दिवस झाले, पण त्या म्हणाल्या, नारळ वाहिल्याशिवाय आमच्या घरची होडी जात नाही.

सहा मासे मांडले. डोक्यांवर ओलं गोणपाट टाकलं, म्हणजे फक्त धड आणि पर. मावशींनी डोळे मिटून अंगठ्याने पाहायचं, आम्ही तक्त्यावरून, डोळे उघडे ठेवून. सायप्रिनस, चिलापी, काळुंदर, सिल्व्हर कार्प: मावशींना दोन-दोन सेकंद. आम्हाला चार मिनिटं, पण चारही बरोबर.

उरले रोहू आणि मृगळ. मावशींचा अंगठा थांबला. पुढे-मागे दोनदा फिरला. त्यांनी डोळे उघडले, गोणपाट वर केलं, ओठ पाहिले आणि मग नाव सांगितलं. आम्ही दोघींनी एकमेकींकडे पाहिलं. ११ जूनच्या नोंदीत जिथे आम्ही अडलो होतो, नेमक्या तिथेच त्याही अडल्या. पर तिथपर्यंतच नेतात.

१० ऑगस्ट

तक्त्याचा क्रम नक्की. पहिला प्रश्न: अंगावर खवले, चकत्या, की काहीच नाही? काहीच नाही तर मेदपर आहे का, पाठीचा पर लांब की तोकडा. खवले असतील तर पाठीच्या परात काटे किती, पार्श्वरेखा अखंड की तुटलेली, मग गुदपर, मग मोजणी, आणि सगळ्यात शेवटी तोंड.

संध्याकाळी मामा कामासाठी ठाण्याला आला, मामीने स्टीलच्या डब्यात पाणी घालून एक इवलासा मासा पाठवला होता, भातखाचरातला. जिवंत. मामी त्याला खवली म्हणते, पण ती खवल्यांच्या प्रत्येक छोट्या माशाला खवलीच म्हणते. आई म्हणाली, श्रावण आहे. मी म्हटलं, हा खायचा नाही, मोजून कचराळी तलावावर... आणि थांबले. दुसऱ्या पाण्यातला मासा इथल्या तळ्यात कसा सोडू? मामा उद्या परत जातोय, डबा त्याच्याबरोबरच जाईल.

बशीत पाणी घेऊन, भिंगाखाली, मैत्रीण फोनचा उजेड धरून. मिशा नाहीत. पाठीच्या पराची शेवटची साधी काडी टणक आणि मागून करवतीसारखी, पुढे म ८. अंगावर दोन काळे ठिपके, एक छातीच्या पराच्या वर, दुसरा गुदपराच्या वर शेपटीकडे. आडव्या ओळीत खवले २४. पार्श्वरेखेची भोकं मी मोजत गेले: एक, दोन, तीन... सातव्या खवल्यावर रेघ संपली. पुढे नुसतेच खवले.

पेथिया टिक्टो. मामीला फोन करून विचारलं, दोन ठिपक्यांच्या खवलीला वेगळं काही नाव आहे का? ती म्हणाली, सासूबाईंना माहीत असेल, उद्या सकाळी विचारून सांगते. तक्त्यात मराठी नावाची जागा उद्यापर्यंत मोकळी ठेवली आहे.